खिळ्यावरचा बिल्ला

आप्पा : आणि त्यांना हेही सांग, की तिला डाव्या कुशीवर झोपवू नका म्हणावं. डावा खांदा धरलाय तिचा.

लेक : आप्पा, मी काय म्हणते...

आप्पा : चष्मा पिशवीत नाही, टॉवेलच्या घडीत आहे. ती तिथेच ठेवते. नर्सला सापडणार नाही आणि ही मागणार नाही. मागायचा स्वभावच नाही हिचा.

लेक : थांबा ना जरा.

आप्पा : थांबलो.

लेक : बसलाय का तुम्ही?

आप्पा : उभा आहे. खिडकीपाशी. इथेच नीट ऐकू येतं.

लेक : बसा आधी.

आप्पा : तू रडतेयस.

लेक : नाही.

आप्पा : नाक वाजतंय तुझं. लहानपणापासून असंच आहे. डोळ्यांत पाणी यायच्या आधी तुझं नाक वाजतं.

लेक : दवाखान्यातून फोन आला होता. तुमचा लागला नाही, म्हणून मला केला त्यांनी.

आप्पा : केव्हा?

लेक : साडेनऊला.

आप्पा : आता अकरा वाजून गेले.

लेक : मला जमत नव्हतं, आप्पा. तीनदा तुमचा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला.

आप्पा : म्हणजे मी आता हे चष्म्याचं सांगत होतो, तेव्हा...

लेक : हो.

आप्पा : मला बोलू दिलंस.

लेक : तुम्ही तिच्याबद्दल बोलत होतात. मला थांबवता येईना.

आप्पा : बरं.

लेक : आप्पा?

आप्पा : आहे मी. दार उघडं होतं का तिचं?

लेक : कसलं दार?

आप्पा : ती होती त्या खोलीचं.

लेक : खोली नाही, मोठा हॉल आहे. चाळीस खाटा आहेत. मधे पडदे लावलेत.

आप्पा : पडदे. पडदे चालतात.

लेक : हे काय विचारताय तुम्ही?

आप्पा : जवळ कोण होतं?

लेक : नर्स होती, म्हणाले.

आप्पा : म्हणाले. आणायला कधी जायचं?

लेक : आणू देत नाहीत. पुढचं सगळं तेच करतात. तोंडसुद्धा बघू देत नाहीत. साथ आहे तोवर तसा नियमच आहे.

आप्पा : नियम असला की पाळायला हवा.

लेक : मी पासासाठी अर्ज केलाय. रस्ते बंद आहेत, पण मयताच्या कारणाने देतात म्हणे. मिळाला की निघते.

आप्पा : नको येऊस. दोन नातवंडं आहेत घरात. इथून काय घेऊन जाशील त्यांना?

लेक : मग तुम्ही एकटे राहणार?

आप्पा : घर उघडं आहे. काही होत नाही मला.

लेक : खालच्या शिंपीणबाईंना मी सांगितलंय. त्या डबा आणून देतील. जेवाल ना?

आप्पा : मी गाडीत बसायला हवं होतं तिच्याबरोबर.

लेक : आप्पा, आता ते नको.

आप्पा : बसलो होतो. उतरलो.

लेक : माहीत आहे मला. आईने सांगितलं होतं फोनवर. म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस.

आप्पा : असं म्हणाली?

लेक : हो.

आप्पा : ठेवतो.

(नऊ दिवसांनी, दुपारी. आप्पांच्या घराचं दार पाचर मारून उघडं ठेवलेलं. आप्पा आत खाटेवर. शिंपीणबाई बाहेर जिन्यात, तोंडाला फडकं बांधून.)

शिंपीणबाई : कालचा डबा तसाच. परवाचा तसाच. उंबऱ्यावर डब्यांचं दुकान मांडायचंय का, आप्पा?

आप्पा : भूक नाही.

शिंपीणबाई : ते डब्याकडे बघून कळलं. तुमच्याकडे बघून कळायचं तर तुम्ही दिसायला नकोत का? नऊ दिवस मी तुमची पाठच बघतेय. इकडे वळा.

आप्पा : डबा ठेवा आणि जा. तुम्हाला लागण होईल.

शिंपीणबाई : मला होऊन गेली. धरायला आली होती, मशीनवर बसलेली बघून कंटाळली आणि निघून गेली. हा खोकला कधीपासून आहे?

आप्पा : आहे दोन दिवस.

शिंपीणबाई : काल विचारलं तेव्हाही दोनच दिवस होते. बरं, हे बघा, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणलंय. कपड्याच्या चिमट्यासारखं आहे. आत सरकवते. बोट घाला त्यात.

आप्पा : कशाला?

शिंपीणबाई : तुमच्या लेकीने औषधवाल्याला सांगून मागवलंय. दिवसातून चारदा फोन करते मला. मी एक बटण लावते, तिचा फोन येतो. दुसरं लावते, पुन्हा येतो. शर्टाला पाच बटणं असतात, आप्पा. मला धंदा करू द्या.

आप्पा : घातलं.

शिंपीणबाई : आकडा काय आलाय?

आप्पा : चष्मा नाही डोळ्यांवर.

शिंपीणबाई : मग लावा. कुठे आहे?

आप्पा : टॉवेलच्या घडीत... नाही. तो तिचा.

शिंपीणबाई : तुमचा तुमच्या उशाशी आहे. मला इथून दिसतोय. हां. आता वाचा.

आप्पा : आठ आणि आठ.

शिंपीणबाई : अठ्ठ्याऐंशी? दुसऱ्या बोटात घाला.

आप्पा : सत्त्याऐंशी.

शिंपीणबाई : पुरे आता, बोटं संपवू नका. तिला लावते मी फोन. मोठ्या आवाजावर टाकते, म्हणजे तिघांनाही ऐकू येईल. हॅलो? हो, मीच. सत्त्याऐंशी आलंय.

लेक : सत्त्याऐंशी? बाई, ते पडलेत कसे?

शिंपीणबाई : खाटेवर पडलेत.

लेक : तसं नाही. तोंड कुठे आहे त्यांचं? भिंतीकडे?

शिंपीणबाई : आत्ता चष्म्यासाठी वळले होते. पुन्हा भिंतीकडे.

लेक : आप्पा, ऐकू येतंय का?

आप्पा : येतंय.

लेक : मी दवाखान्याला फोन करतेय. गाडी पाठवतील ते. तुम्ही कपडे बदलून ठेवा.

आप्पा : गाडी नको.

लेक : विचारत नाहीये मी, सांगतेय. बाई, तुम्ही तिथून हलू नका. मी त्यांच्याशी बोलून परत लावते.

शिंपीणबाई : हलतेय कुठे. आप्पा, असं काय करता? साधा ताप आहे. तुम्ही आयुष्यात केवढं काय काय सोसलंत. तुमच्या बाई सांगायच्या मला, कोल्ड स्टोरेजमधे नऊ तास अडकून जिवंत बाहेर आलेला माणूस आहे माझा. तुमचं काय बिघडवणार हा ताप? एकदा तावूनसुलाखून निघालेला माणूस घट्ट होतो.

आप्पा : बाई, तुम्ही कापड शिवता. एकदा फाटलेलं, शिवलेलं कापड पुन्हा ओढलं तर कुठे फाटतं?

शिंपीणबाई : शिवणीच्या शेजारी.

आप्पा : मग झालं तर.

शिंपीणबाई : बोलता येतंय म्हणजे तुम्हाला. मी समजत होते, आवाजही बाईंबरोबर गेला. आला, फोन आला परत. बोल गं.

लेक : गाडी निघालीय. वाटेतच होती एक. एक खाट राखून ठेवतात, पण संध्याकाळपर्यंतच. नंतर दुसऱ्याला देतील. आप्पा, उठलात का?

आप्पा : नाही.

लेक : उठा.

आप्पा : मी घरीच बरा आहे. दार उघडं आहे, वारा येतो. इथेच होईल काय व्हायचं ते.

लेक : बाई, मी यांना ओळखते. मी लहान होते तेव्हा हे असेच पडून होते. दोन वर्षं. कोल्ड स्टोरेजमधून आल्यावर. मला यांचा तेव्हाचा चेहरा आठवत नाही. पाठ आठवते. निळा सदरा होता आणि त्याची डाव्या खांद्याची शिवण उसवली होती. मी त्या भोकात बोट घालायची, की हे वळून बघतील. वळायचे नाहीत.

शिंपीणबाई : बाई कधी बोलल्या नाहीत हे.

लेक : आई बोलायचीच नाही. गिरणीत कामाला जायची, घरी येऊन यांना भरवायची, अंघोळ घालायची. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या चालू केल्या. आम्ही सगळे म्हणायचो, आप्पा बरे झाले. आई म्हणायची, बरे नाही झाले, उठून बसलेत. आप्पा, आता ती नाहीये उठवून बसवायला.

आप्पा : म्हणून तर म्हणतोय, राहू दे.

लेक : राहू दे म्हणजे काय? मी आता दीड वर्षाची नाही. मला कळतं तुम्ही काय करताय. जेवत नाही, ताप सांगत नाही. काही न करता मरताय तुम्ही.

आप्पा : ओरडू नकोस. जिन्यात लोक ऐकतात.

शिंपीणबाई : जिन्यात मी एकटी आहे आणि मी सगळं ऐकलंय. आली बघा गाडी. खाली भोंगा वाजतोय. ए दादा! वर बघ! हो, हेच घर! तिसरा मजला! खुर्ची आण, चालता येईल न येईल! आप्पा, तो येतोय. दवाखाना काही लांब नाही. दोन मिनिटांचा तर रस्ता...

आप्पा : दोन मिनिटं म्हणू नका!

शिंपीणबाई : अगं बाई. काय झालं?

आप्पा : दोन मिनिटं म्हणायचं नाही माझ्यासमोर. तो मागचा गाडीवालाही हेच म्हणाला. काका, दोन मिनिटं धीर धरा, दार लावतो. मी तिचा हात धरून बसलो होतो. त्याने दार लावलं, बाहेरून खटका पडला आणि मला पुढचं काही कळलं नाही. ती सांगत होती, अहो, मी आहे ना. मी दारावर लाथा मारत होतो. आजारी ती होती आणि समजूत माझी काढत होती. शेवटी तिनेच ओरडून गाडी थांबवली. दार उघडा, यांना उतरू द्या, म्हणाली. उतरल्यावर मला बरं वाटलं, बाई. हे कुणाला सांगू? तिला घेऊन गाडी गेली आणि मी रस्त्यावर उभा राहून मोकळा श्वास घेतला.

लेक : आप्पा...

आप्पा : पाच दिवसांनी तुझा फोन आला.

शिंपीणबाई : दादा, जरा तिथेच थांब पायऱ्यांवर. बोलणं चाललंय. हो रे बाबा, माहीत आहे, तुला अजून दोन घरं करायचीत. आप्पा, तो विचारतोय, येणार की नाही?

आप्पा : दार उघडं ठेवून नेईल का विचारा.

शिंपीणबाई : दादा, मागचं दार उघडं ठेवून चालवशील का? नाही म्हणतो. माणूस बाहेर पडेल म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो म्हणतो, त्याच्या सीटमागे सरकती काच आहे, ती पूर्ण उघडी ठेवतो. त्याची मान दिसत राहील तुम्हाला.

लेक : आणि मी फोनवर राहते. घरून निघाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत. एक क्षण ठेवणार नाही.

आप्पा : फोनवरच्या माणसाला दार उघडता येत नाही.

शिंपीणबाई : मग काय करायचं ते तुम्हीच सांगा. आतापर्यंत इतकी वर्षं अंघोळीला जात होतातच ना? तिथे तर दार लागतं. की तेही उघडं टाकून?

आप्पा : अंघोळीला जाताना बिल्ला लावायचो.

शिंपीणबाई : कसला बिल्ला?

आप्पा : तो खिळा दिसतो का तुम्हाला? बाथरूमच्या चौकटीवर. त्याच्या खाली फळीवर पितळेचा गोल आहे बघा.

शिंपीणबाई : तो? तो मी कित्येक वर्षं बघतेय. मला वाटायचं, तुमचं कुत्रं होतं पूर्वी, ते मेलं, म्हणून त्याच्या गळ्यातला ठेवलाय.

आप्पा : माझा आहे तो. कोल्ड स्टोरेजचा. चौदा नंबर.

शिंपीणबाई : बरं झालं, मी कुत्र्याचं नाव नाही विचारलं कधी.

आप्पा : आत जाताना बिल्ला बाहेर फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा. बाहेर आलं की ज्याचा त्याने काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. पाळी सुटली की कुलूपवाला फळा बघतो. खिळे रिकामे, म्हणजे आत कुणी नाही. तिने घरी तसाच खिळा मारला. मी बाथरूममधे गेलो की ती बिल्ल्यावर लक्ष ठेवायची. स्वयंपाक करता करता हाक मारायची, चौदा नंबर, अजून आत का? मी म्हणायचो, आत. अशी अंघोळ केली मी इतकी वर्षं.

लेक : मला वाटायचं, तुम्ही दोघं खेळता.

आप्पा : ती गाडीत बसली त्या दिवसापासून अंघोळ नाही केलेली.

शिंपीणबाई : ते मला इथपर्यंत कळलंय. आणि ती किल्ली कसली? खिळ्याला किल्ली लटकलीय.

आप्पा : ती तिची. घराची किल्ली, गाडीत बसायला जाताना तिने अडकवली. म्हणाली, आता माझं असू दे इथे. मी येऊन काढीन. हात लावू नका.

शिंपीणबाई : आप्पा, खिळा लांब आहे ना चांगला?

आप्पा : तीन इंची आहे.

शिंपीणबाई : मग त्यावर दोन वस्तू मावतील. उठा. तुमचा बिल्ला अडकवा. मी बघीन.

आप्पा : बघीन म्हणजे काय?

शिंपीणबाई : म्हणजे मशीन वर आणते मी. तुमच्या उंबऱ्यात बसून शिवते. दार असंच उघडं, पाचर तशीच. समोर खिळा. दर तासाला दवाखान्यात फोन लावून विचारीन, चौदा नंबर अजून आत का?

आप्पा : ते फोन उचलत नाहीत.

शिंपीणबाई : माझा उचलतील. कंटाळून उचलतील.

आप्पा : खिळा रिकामा दिसला तर?

शिंपीणबाई : तर तुम्ही बाहेर आलात.

आप्पा : आणि बिल्ला असेल तर?

शिंपीणबाई : तर माणूस आत आहे आणि मी गप्प बसायचं नाही.

आप्पा : कुणी तुम्हाला म्हणालं, की आत कुणी नाही, तर?

शिंपीणबाई : तर मी म्हणीन, बिल्ला इथे आहे, मग माणूस कुठे आहे? आधी माणूस दाखव. उठा आता. त्या दादाचे पाय दुखले उभं राहून.

लेक : आप्पा, काय करताय?

शिंपीणबाई : उठून बसलेत गं. पाय खाली सोडलेत. भिंत धरा, आप्पा. हळू. फळीवर आहे, तिथेच. हं. नाही नाही, किल्ली पडू देऊ नका. तिच्यापुढे अडकवा. हां, अडकला.

आप्पा : दिसतो का तिथून?

शिंपीणबाई : स्वच्छ दिसतो. एक आणि चार. दादा, ये. खुर्ची आण.

*

लेक : आप्पा, बोलत राहा.

आप्पा : दार लावलं.

लेक : ऐकलं मी. श्वास घ्या. काच उघडी आहे ना?

आप्पा : उघडी आहे. त्याची मान दिसते. मानेवर तीळ आहे.

लेक : अजून काय दिसतंय?

आप्पा : पत्रा. पांढरा. तिथेही पांढराच होता. मला उतरायचंय.

लेक : नाही. माझ्याशी बोला.

आप्पा : उतरू दे मला, पोरी. सांग त्याला. तुझं ऐकेल तो.

लेक : नाही सांगणार.

आप्पा : तुझी आई उतरू द्यायची.

लेक : मी आई नाहीये. आप्पा, तिथे काय झालं होतं ते सांगा मला. कधीच सांगितलं नाहीत. मला एवढंच माहीत आहे, की दार चुकून लागलं, तुम्ही वाचलात आणि तुमचा जोडीदार गेला.

आप्पा : चुकून नाही लागलं. कुलूपवाल्याने फळा बघूनच लावलं.

लेक : मग?

आप्पा : फळा रिकामा होता. पाळी सुटायची वेळ झाली होती. चार वाजत आले होते. शेवटच्या खोलीतला थर्मामीटर बघायचा राहिला होता. मी आणि माझा जोडीदार लंबू निघालो. त्याने सवयीने खिशातून बिल्ला काढला, अडकवायला हात वर केला. मी म्हणालो, राहू दे रे. दोन मिनिटांचं तर काम आहे.

लेक : तुम्ही म्हणालात.

आप्पा : मी म्हणालो. त्याने हसून बिल्ला परत खिशात टाकला. थर्मामीटर बघून वळलो आणि दार लागलं. आतून उघडायचा दांडा होता, तो बर्फाने धरला होता. महिनाभर धरलेलाच होता. रोज म्हणायचो, सांगू साहेबांना.

लेक : आप्पा, श्वास घेऊन बोला. घाई नाही.

आप्पा : मासळीच्या पेट्या होत्या. मी म्हणालो, बसायचं नाही. एका भिंतीच्या पेट्या उचलून दुसऱ्या भिंतीला लावायच्या. सगळ्या लावून झाल्या की पुन्हा परत आणायच्या. किती वेळा केलं कुणास ठाऊक. लंबू गाणी म्हणत होता आधी. मग शिव्या द्यायला लागला, मला, साहेबांना, मासळीला. मग म्हणाला, दोन मिनिटं बसतो. मी म्हणालो, बसू नको. तो बसला.

लेक : गाडी वळतेय का? आवाज बदलला.

आप्पा : वळली. त्याला उठवायला गेलो असतो तर मीही बसलो असतो. म्हणून मी पेट्या उचलत राहिलो. त्याच्या बाजूने जायचो आणि त्याच्याकडे बघायचो नाही. तो काहीतरी बोलत होता. मी भिंतीकडे बघत चालायचो.

लेक : भिंतीकडे.

आप्पा : हं.

लेक : मग दार कुणी उघडलं? सकाळच्या पाळीने?

आप्पा : सकाळपर्यंत मीही राहिलो नसतो. तुझ्या आईने उघडवलं.

लेक : आईने?

आप्पा : मी घरी आलो नाही म्हणून चालत आली. चार मैल. पहारेकरी म्हणाला, सगळे गेले, फळा रिकामा आहे, आत कुणी नाही. ही म्हणाली, तुमचा फळा रिकामा असेल, पण घरी त्यांचं ताट झाकलेलं आहे. तिने तिथेच फाटकात बसकण मारली. कुलूपवाल्याला घरून उठवून आणायला लावलं. एक वाजला होता. दार उघडलं तेव्हा समोर ती होती आणि तू तिच्या कडेवर.

लेक : मी?

आप्पा : झोपली होतीस. तोंडात अंगठा होता.

लेक : मला कुणी सांगितलंच नाही.

आप्पा : बिल्ल्याचं तिला एकटीला माहीत होतं. मीच सांगितलं होतं, की लंबूचा हात मी खाली आणला. ती म्हणाली, बरं. आणि दुसऱ्या दिवशी घरात खिळा मारला. एवढंच.

लेक : आणि दोन वर्षं भरवलं तुम्हाला.

आप्पा : तिने माझ्यासाठी दार उघडायला लावलं. तिच्या वेळेला मी त्या गाडीत चौकापर्यंतही बसलो नाही.

लेक : आता बसलाय.

आप्पा : आता काय उपयोग?

लेक : मला आहे. आप्पा? बोला. आप्पा, चौदा नंबर, अजून आत का?

आप्पा : आत.

लेक : पुन्हा.

आप्पा : आत. थांबली गाडी.

लेक : पोचलात?

आप्पा : मान दिसत नाही त्याची. उतरला तो.

लेक : मागे येतोय तो. येईल.

आप्पा : अजून नाही उघडलं.

लेक : येतोय, आप्पा.

आप्पा : खटका वाजला. थांब. उजेड आला.

लेक : उघडलं?

आप्पा : उघडलं. खुर्ची आणलीय त्यांनी. तू बाईंना फोन कर. म्हणावं, पोचलो. बिल्ला तसाच राहू दे, माझा मी येऊन काढीन.

लेक : सांगते. आणि आप्पा, आईची किल्ली? ती काढून नीट ठेवायला सांगू का त्यांना?

आप्पा : नको. दुसऱ्याने हात लावायचा नसतो.

लेक : पण आई आता...

आप्पा : माहीत आहे मला. तिची किल्ली तिने काढायची राहिलीय.